हातपंपातला लिफाफा

मी जुना आहे हे सांगायला मला लाज वाटत नाही, मित्रांनो. आणि मी हातपंप आहे हे लपवायचं म्हटलं तरी माझा दांडा ते लपू देत नाही. मूर्तिजापूरहून एसटीने निघालं की पाऊण तासावर बोरखारी नावाचं गाव लागतं. तिथे सदतीस वर्षं मी एका जागी उभा आहे. तेवढ्या काळात गावाने सात सरपंच पाहिले, एसटीचा थांबा दोनदा सरकला, शाळेचं नाव बदललं. मी मात्र होतो तिथेच आहे. याला काही लोक निष्ठा म्हणतात. खरं कारण असं की मला खाली सिमेंटमध्ये पुरलेलं आहे.

मला कुठे बसवायचं यावर त्या वेळी गावात तीन सभा झाल्या होत्या. पाटील मोहल्ल्याचं म्हणणं पडलं की पंप आमच्याकडे. बौद्ध मोहल्ल्याचं म्हणणं पडलं की विहिरीपाशी आमचं पुष्कळ वर्षं लांब उभं राहून झालं, आता पंप आमच्याकडे. तिन्ही सभांत भाषणं चांगली झाली. शेवटी बोअरच्या गाडीवाल्याने दोन्हीकडे भोकं पाडून पाहिली, तर नुसता फुफाटा उडाला. पाणी लागलं ते दोन मोहल्ल्यांच्या ऐन मधल्या मोकळ्या जागेत. जमिनीने एकही भाषण ऐकलं नव्हतं, म्हणून तिला निकाल देता आला. तेव्हापासून दोन्हीकडच्या घागरी माझ्या ओट्यावर एकाच रांगेत लागू लागल्या आणि भांडणं होत ती फक्त नंबरावरून.

त्याच महिन्यात पंचायत समितीने पंचविशीतल्या एका तरुणाला हातपंप दुरुस्तीचं शिक्षण दिलं आणि एक पाना नि ग्रीसचा डबा देऊन माझ्याकडे पाठवलं. त्याचं नाव डोमाजी. दर पंधरा दिवसांनी तो माझ्या डोक्याचं झाकण उघडायचा, साखळीला ग्रीस लावायचा आणि जाताना मानेवर थाप मारायचा. या झाकणाला एकच बोल्ट आहे, आणि त्याला बसणारा पाना अख्ख्या गावात एकच, डोमाजीच्या कमरेला. म्हणजे माझ्या डोक्यात काय आहे ते पाहण्याचा अधिकार जगात एकाच माणसाला होता. एवढं ध्यानात ठेवा.

आता माझ्या पाण्याविषयी. आमचा सगळा भाग खारपाणपट्ट्यातला. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना काळी जमीन, आणि तिच्या पोटातलं पाणी खारं. बोरखारीच्या लोकांना हे चांगलं ठाऊक होतं, पण शेजारच्या गावांबद्दल. त्यांचं पाणी खारं, आपलं चवदार, असा गावाचा ठाम समज होता. शेजारच्या गावाचाही तोच समज होता. तुरीची डाळ शिजायला दोन तास लागत, त्याचा दोष डाळीला जाई. साबणाला फेस येत नसे, तो दोष दुकानदाराला. बादल्यांवर पांढरा थर चढे, त्याला कोणी दोष देत नसे, कारण तो सगळ्यांच्याच बादल्यांवर असे.

मला स्वतःला माझ्या पाण्याची चव माहीत नव्हती. लोखंडाला जीभ नसते. लोक चवदार म्हणत आणि मी ते मान्य करी. स्तुती तपासून घ्यायची पद्धत माणसांत नाही, ती पंपांत कुठून येणार?

डोमाजी तर माझ्या पाण्याचा वकीलच. एकदा तो लेकीकडे, शालूकडे, परतवाड्याला चार दिवस म्हणून गेला आणि तिसऱ्या दिवशी परत आला. ओट्यावर बसून खुशालरावांना सांगू लागला, "काय पानी होय थे खुशालराव! नुसतं ओलं लागते. शेवटी मी तांब्यात चिमूटभर मीठ टाकलं, तवा कुठं घशाखाली उतरलं."

"मंग! आपल्या पान्याले वजन हाय," खुशालराव म्हणाले.

खुशालराव म्हणजे पाटील मोहल्ल्यातले कास्तकार, डोमाजीच्याच वयाचे. तरुणपणी या दोघांचं माझ्या रांगेत नंबरावरून कडाक्याचं भांडण झालं होतं. ते मिटवायला दोघे ओट्यावर बसले, ते आजतागायत रोज सकाळी दहाला बसतात. खुशालरावांचं एक तत्त्वज्ञान आहे. ते म्हणत, "मी आजपावतो शुगर तपासली नाई, म्हनून मले शुगर नाई. आमचा ओमप्रकाश पाह्य. गेला तपासाले, निंघाली. गेलाच नसता तं निंघाली असती का?"

ऐकणारे माना डोलवत. मलाही ते पटलं होतं.

मग भावना आली. डोमाजीची सून, अमरावतीची, विज्ञान शिकलेली. नवरा अश्विन नोकरीसाठी अकोल्याला आणि रविवारी घरी, त्यामुळे आठवड्याचे सहा दिवस तिचं बोलणं ऐकायला सासू जाईबाई आणि सासरा डोमाजी हे दोघेच. गावातल्या पाच बायकांनी पाणी तपासायला शिकायचं असं ग्रामपंचायतीत ठरलं. चौघींनी लग्नसराईचं कारण सांगितलं. भावना तीन दिवस अकोल्याला जाऊन शिकून आली आणि येताना एक निळी पेटी घेऊन आली.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी तिने माझ्या तोटीखाली पेला धरला आणि त्यात पेनासारखं एक यंत्र बुडवलं. आकडे धावले आणि थांबले. तिने यंत्र पुसून पुन्हा बुडवलं. आकडे पुन्हा तिथेच थांबले.

"मामाजी," ती डोमाजीला म्हणाली, "पान्यातला खार दोन हजाराच्या वर असन तं प्याचं नाई, असं आमाले शिकोलं. हे अठ्ठावीसशे चाळीस हाय."

"तुह्या पेनीची शाई संपली असन."

"याच्यात शाई नसते मामाजी."

"मंग तिचा भरोसा काय?"

खुशालराव मदतीला आले. "पोरी, सदतीस वर्सं पेऊन राहिलो आमी. कालवरी पानी चांगलं होतं. तू आज पेन बुडोली अन् खराब झालं. मंग खराब कोनं केलं?"

भावना हसली, पण तिने तो आकडा वहीत लिहिला. ज्याचं पाणी पिण्याजोगं नाही त्या पंपाला लाल रंग द्यायचा असतो. आठ दिवसांत ग्रामपंचायतीकडून रंगाचा डबा आला आणि तो डोमाजीच्याच हाती पडला, कारण पंपाचं प्रत्येक काम त्याचं. डोमाजी म्हणाला, ब्रश सापडत नाही. भावनाने ब्रश आणून दिला. तो म्हणाला, ऊन लय हाय, रंगाले फोड येतात. ऊन उतरल्यावर म्हणाला, वारा सुटला, धूळ चिकटते. असा तो डबा त्याच्या घरी खाटेखाली पडून राहिला.

खरं सांगतो, मित्रांनो, मला बरंच वाटलं. सदतीस वर्षांचं माझं सुख त्या पोरीने दोन मिनिटांत घालवलं होतं. निदान माझा रंग तरी राहू द्यावा, असं मला वाटे. मला भावनाचा रागच आला होता.

पण त्याच सुमारास एक गोष्ट मला जाणवू लागली. ओट्यावर चढताना डोमाजी माझा दांडा धरून चढू लागला. चपलेचा पट्टा पायात रुतून खूण पडे, आणि चहा पिऊन झाला तरी ती खूण बुजत नसे. जाईबाईने एकदा घागर भरता भरता विचारलं, "काहो, पाय काहून सुजून राहिले तुमचे?"

"चालनं जास्त झालं."

"कुठं चालले तुमी? घरून पंपावर?"

मार्चमध्ये शाळेत आरोग्य शिबिर भरलं तेव्हा भावनाने त्याला हाताला धरून नेलं. रक्त काढलं गेलं. आठ दिवसांनी रिपोर्ट मूर्तिजापूरला मिळणार होता. तो आणायला डोमाजी एकटाच गेला. कोणाला सोबत येऊ दिलं नाही.

परत आला तो घरी न जाता थेट माझ्याकडे. भर दुपार, ओट्यावर कोणी नाही. त्याच्या हातात एक बंद लिफाफा होता. तो त्याने सूर्याकडे धरून पाहिला. उलटा करून पाहिला. फाडून फेकायला त्याचं मन होईना आणि घरी न्यायला धीर होईना, कारण घरी भावना होती आणि ती औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरसुद्धा वाचणाऱ्यांतली. शेवटी त्याने कमरेचा पाना काढला, माझं झाकण उघडलं, लिफाफा साखळीच्या वरच्या कप्प्यात सरकवला आणि बोल्ट असा आवळला की मला कळ आली.

"राहू दे तुह्यापाशी," तो हळूच म्हणाला. "तुले वाचता येत नाई, थेच बरं."

आणि तोटीखाली ओंजळ धरून तो दोन ओंजळी पाणी प्याला.

पुढचे दोन महिने कसे गेले ते मलाच माहीत. जाईबाई दर दोन दिवसांनी विचारी, "रिपोट आला का?" आणि डोमाजी सांगे, "त्यायची मशीन बंद हाय म्हनते." ज्या माणसाने जन्मभर यंत्रांची अब्रू राखली, तो आपलं खोटं एका यंत्रावर ढकलत होता. गावात नळ आहे, गोडं पाणी येतं. पण ते दहाव्या दिवशी, पाहुण्यासारखं. मधले नऊ दिवस डोमाजी मलाच प्यायचा. माझ्या डोक्यात त्याचा कागद, माझ्या पोटात त्याचं पाणी, आणि खाली वाकून ओंजळ धरलेला तो.

तेव्हा मला माझ्या सुखाचा हिशेब लागला, मित्रांनो. मला काही माहीत नव्हतं तोवर मी सुखात होतो, हे खरं. पण माझ्या त्या सुखाची सूज दुसऱ्याच्या पायावर चढत होती.

मे महिन्यातली ती सकाळ. नळाचा दिवस चुकला होता आणि माझ्यासमोर बारा घागरींची रांग होती. आता इथे एक खुलासा करतो. यंत्राला मन नसतं हे मला मान्य आहे. लिफाफा उन्हाने पातळ झालेल्या ग्रीसमध्ये भिजला आणि घसरत साखळीत अडकला, एवढंच झालं. तो दोन महिन्यांत कधीही घसरू शकला असता. ज्या सकाळी डोमाजी, जाईबाई आणि भावना हे तिघेही ओट्यावर होते, नेमका त्याच सकाळी घसरला. यावर मला काही म्हणायचं नाही.

पाणी भरत होत्या गोदाबाई, खुशालरावांच्या घरच्या. माझा दांडा वरच्या वर थांबला.

"डोमाजी भाऊ, अडकला न तुमचा पंप!"

डोमाजीचा चेहरा उतरला. "राहू द्या. गरम झाला असन. आराम करू द्या त्याले."

"पंपाले कायचा आराम? माह्यी घागर अर्धी हाय!"

"अबे डोमाजी, पाना तं लावून पाह्य," खुशालराव म्हणाले.

"पाना... घरी राह्यला."

पाना त्याच्या कमरेला लटकत होता. बारा घागरींच्या मागच्या बारा बायकांनी तो पाहिला. जाईबाई म्हणाली, "मंग कमरेले काय होय थो? करदोडा?"

बायका हसल्या. डोमाजी हसला नाही. भावनाने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि हात पुढे केला. "द्या मामाजी."

त्याने पाना दिला. सदतीस वर्षांत पहिल्यांदा दुसऱ्या हाताने माझा बोल्ट फिरला. झाकण निघालं आणि ग्रीसने काळा झालेला लिफाफा ओट्यावर पडला. त्याचा एक कोपरा साखळीने चावला होता, पण नाव आणि तारीख शाबूत होती. भावनाने ती मोठ्याने वाचली नाही. जाईबाईने मात्र तिच्या खांद्यावरून वाकून पाहिलं, कारण तारखेपुरतं तिला वाचता येतं.

"मशीन बंद होती न?" ती एवढंच म्हणाली. मग पदर तोंडाला लावून तिथेच बसली.

मला वाटलं, आता पोरगी लिफाफा फोडणार. तिने तो ओढणीच्या टोकाने पुसला आणि डोमाजीपुढे धरला.

"तुमचा हाय मामाजी. तुमीच फोडा. नसन फोडाचा तं वापस ठेवून देते, अन् पाना तुमच्या हाती देते. मी काई म्हननार नाई. पन मले भेव लागून राहिला, येवढं सांगते."

डोमाजीने खुशालरावांकडे पाहिलं. खुशालराव समोरच्या लिंबाच्या झाडाकडे पाहत होते. तिथे पाहण्यासारखं काही नव्हतं. डोमाजी ओट्याच्या कडेला बसला, माझ्या अंगाला पाठ टेकवून.

"वाच," तो म्हणाला. "पन थोडं थोडं वाच."

भावनाने आधी सगळं मनात वाचलं. मग ती त्याच्याजवळ उकिडवी बसली. "किडनी गेली नाई मामाजी. थकली हाय. बी.पी. वाढून हाय. खाली शिबिराच्या डॉक्टरनं हातानं लिहून देल्लं हाय, लगेच दाखवा म्हनून."

"लगेच म्हंजे कवा?"

"म्हंजे दोन महिन्याआधी."

डोमाजीने कागद हातात घेऊन पालथा करून पाहिला. मग त्याने विचारलं, "इतकंच होय?"

"इतकंच म्हंजे? हे कमी हाय का?"

"नाई. मले वाटलं, लिहून असन का आता या मानसाचं काई खरं नाई. रोज रोज थेच वाचत होतो मी." त्याने छातीवर हात ठेवला. "इथं."

असं आहे पाहा. दोन महिने त्याने लिफाफा उघडला नव्हता, पण मनातल्या मनात रोज वाचत होता. आणि मनात जो मजकूर होता तो कागदावरच्या मजकुरापेक्षा पुष्कळ वाईट होता. सुखासाठी म्हणून त्याने कागद माझ्याकडे ठेवला. कागद माझ्याकडे राहिला, सुख मात्र कोणाकडेच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अश्विनने त्याला अकोल्याच्या डॉक्टरकडे नेलं. सोबत गेलेल्या भावनाने परत येऊन ओट्यावर सगळं सांगितलं, काही न लपवता. हे पाण्यामुळेच झालं असं डॉक्टर छातीठोकपणे म्हणाले नाहीत, बी.पी.चाही त्यात हात असेल. पण हे पाणी बंद, मीठ जवळजवळ बंद, गोळ्या चालू. किडनीची जेवढी ताकद गेली तेवढी परत येणार नाही. उरलेली जपली तर बरीच वर्षं पुरेल. ते ऐकून जाईबाईने डोमाजीशी तीन दिवस अबोला धरला. या तीन दिवसांत तिने शाळेजवळच्या विकतच्या गोड्या पाण्याच्या टाकीवरून त्याच्यासाठी रोज कॅन भरून आणली, आणि तीही न बोलता त्याच्यापुढे आपटली.

चौथ्या दिवशी डोमाजी खाटेखालचा डबा घेऊन माझ्याकडे आला. ऊन होतं. वाराही होता. त्याने ब्रश बुडवला आणि पायथ्यापासून सुरुवात केली. कडा अशा जपून रंगवल्या की घरची आलमारी रंगवतोय असं वाटावं. खुशालराव शेजारी बसून सूचना देत होते. "आतल्या अंगानं राह्यलं डोमाजी. दांड्याच्या खाली पाह्य." मान रंगवताना डोमाजी थांबला. थाप मारायची त्याची सवय. हात वर गेला, पण रंग ओला होता.

"राग नको धरू," तो मला म्हणाला. "तुह्या पोटात होतं थेच तू देल्लं. चवदार तं आमीच म्हनत होतो."

वरून भावनाने पांढऱ्या अक्षरांत लिहिलं: पिण्यासाठी नाही, धुण्यासाठी.

आता माझ्यासमोर पूर्वीची रांग नसते. कपडे धुतले जातात, ओटे धुतले जातात, गाड्या धुतल्या जातात. चवदार असं मला कोणी म्हणत नाही. पण सकाळी दहाला ते दोघे येतात. डोमाजीच्या हातात गोड्या पाण्याची बाटली असते. तो एक घोट घेतो, तोंड वाकडं करतो आणि म्हणतो, "नुसतं ओलं." मीठ टाकायची परवानगी नाही. पायावरची पट्ट्याची खूण हल्ली चहा संपायच्या आत बुजते. मी रोज पाहतो.

खुशालरावांचं तत्त्वज्ञान महिनाभर टिकलं. मग एकदा डोमाजी यायच्या आधी त्यांनी भावनाला गाठून विचारलं, "पोरी, तुह्या त्या पेटीत मानसाचं बी तपासते का?" ती म्हणाली, नाही, पण मी सोबत येते. शुगर निघाली, थोडी. आता ते ओमप्रकाशला भेटेल तिथे अडवून सांगतात, "माह्यी तुह्यापेक्षा कमी हाय." न तपासता त्यांना एवढा आनंद कधी झाला नव्हता.

मित्रांनो, वाटेत लाल रंगाचा पंप दिसला तर त्याला दगड मारू नका. त्याच्या दांड्याला लोंबकळू नका, साखळीला थोडं ग्रीस लावा, आणि त्याचं पाणी पिऊ नका. हे सगळं एकाच वेळी करता येतं. आमच्या गावात एक माणूस करतो. ज्याच्यावर जीव आहे त्याच्याविषयी विचारून घ्यायला भिऊ नका. विचारल्यावर थोडा त्रास होतो, पण जवळ बसायला जागा राहते.

डोमाजी अजूनही दर पंधरा दिवसांनी माझं झाकण उघडतो. पिण्याच्या कामाचा न राहिलेल्या पंपाच्या साखळीला बोटाने ग्रीस लावतो, आत एकदा वाकून पाहतो आणि झाकण लावतो. पूर्वी तो बोल्ट पान्याने घट्ट आवळायचा. आता हाताने बसेल तेवढाच बसवतो, म्हणजे कोणालाही उघडता यावा. यंत्राच्या दृष्टीने हे चूक आहे. झाकण थोडं वाजतं. मी तक्रार केलेली नाही.